पंधराव्या दिवसानंतर

बोरपाडे, जि. धुळे
१३ डिसेंबर १९८७

चि. अभिमन यास अक्काचा अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे सुखरूप आहोत. तू, प्रमिला आणि मुलं वरणगावला खुशाल असाल. भाऊबीजेला मी आले नाही म्हणून तू रागावलास, हे तुझ्या पत्रावरून कळलं. पाट मांडून वाट पाहिलीस, असं लिहिलंस. वाचून वाईट वाटलं. पण त्या दिवसांत मला गाव सोडता येत नव्हतं. का, ते आता सगळं लिहिते. सवडीनं वाच.

यंदा पावसानं पाठ फिरवली ते तुला ठाऊकच आहे. बाजरी वीतभर होऊन करपली. दिवाळीनंतर वीटभट्टीचा मुकादम दरसालप्रमाणे गुजरातेतून ट्रक घेऊन येणार, अर्धं गाव त्यात चढणार आणि शाळेतली अर्धी पोरं कमी होणार, हे ठरलेलं. तुझे दाजी म्हणाले, "बांध बोचकं." मी म्हटलं, "यंदा मी येत नाही. बेबी दुसरीत आहे, तिलाही नेत नाही."

पलीकडच्या गावची भागाबाई बाजारात भेटली होती. तिच्या गावात रोजगार हमीचं काम निघालं होतं. ती म्हणाली, "कायदाच शे. पन्नास जणसनी काम मांगं, ते पंधरा दिनमा सरकारले देनंच पडस." मी सातवी शिकलेली, पण पन्नास जणांनी मागितलं की पंधरा दिवसांत काम द्यावंच लागतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. घरोघर फिरले. आधी बायाच तयार झाल्या, मग त्यांच्यामागे माणसं. सत्तावन्न नावं झाली. तलाठी म्हणाला, अर्जाचे नमुने संपले. मी दुकानातून कोरे कागद आणले आणि प्रत्येकाचा अर्ज माझ्या हातानं लिहिला. ज्यांना सही येत नव्हती त्यांनी अंगठे दिले. त्यातच भाऊबीज येऊन गेली.

अर्ज घेऊन तालुक्याला पायी गेलो. कारकून म्हणाला, ठेवा इथं आणि जा. आम्ही पोच मागितली. तो हसला. दुपार झाली तरी आम्ही हललो नाही, तेव्हा त्यानं शिक्का मारून कागद दिला. तो कागद मी पदराच्या गाठीत बांधून आणला.

पंधरा दिवस कुणी फिरकलं नाही. मधे ट्रक येऊन भोंगा वाजवून गेला. मुकादम म्हणाला, आठ दिवसांनी परत येतो, तेव्हा शेवटचं. ते आठ दिवस कसे काढले ते माझं मला माहीत. चुकून काम निघालं नाही, तर सगळं गाव मला शिव्या देत उपाशी बसणार होतं.

सोळाव्या दिवशी सत्तावन्नच्या सत्तावन्न जणी-जणे पोरांबाळांसकट कचेरीच्या आवारात जाऊन बसलो. तीन दगडांच्या चुली मांडल्या, भाकरी थापल्या. धूर आत गेला तसे तहसीलदारसाहेब बाहेर आले. भले माणूस वाटले, पण वैतागलेले. म्हणाले, "बाई, सरकार जमेल तेवढं करतंय. मेहरबानी अशी अडवून मागतात का?"

मी पदराची गाठ सोडली, कागद पुढे धरला. तोंडातून निघून गेलं, "साहेब, मेहरबानी मागायची असती तर पहिल्याच दिवशी पाया पडलो असतो. आम्ही कायद्यानं सांगितले तेवढे दिवस थांबलो. ही तुमच्या कचेरीची पोच."

त्यांनी कागद हातात घेतला. दोनदा वाचला. मग आत जाऊन कारकुनाला हाक मारली. चुली विझायच्या आत हुकूम निघाला : बोरपाड्याच्या नाल्यावर पाझर तलाव, सोमवारपासून काम. म्हातारी तानुबाई तिथंच उठून नाचली! साहेबही हसले.

रविवारी ट्रक आला. मुकादमानं भोंगा वाजवला, परत वाजवला, पाराजवळ तासभर उभा राहिला. एकही माणूस चढलं नाही. रिकामा ट्रक सोनगीरच्या रस्त्याला लागला, तेव्हा सगळं गाव बघायला उभं होतं.

सोमवारी कामावर मी आणखी एक भांडण केलं. टिकाव-फावडी आली होती, पाण्याचं पिंप आलं होतं, पण तान्ह्या मुलांची सोय नव्हती. देखरेखीचा माणूस म्हणाला, "बसतील की कुठंतरी सावलीला." मी टिकाव खाली ठेवला. "आधी पाळणे, मग काम." सगळ्या बाया माझ्यामागे खाली बसल्या. दहा वाजेपर्यंत निंबाखाली पाच झोळ्या बांधल्या गेल्या. मुलं सांभाळायला तानुबाईचं नाव हजेरीपत्रकावर चढलं, आमच्याइतक्याच मजुरीवर.

बाया विचारतात, पाळण्यासाठी एवढी का गं भांडलीस, तुझं तर तान्हं नाही. त्यांना मी काही बोलले नाही. तुला सांगते.

दोन वर्षांपूर्वी माझा तान्हा पंडित तापानं गेला असं मी तुला कळवलं होतं. ते खोटं होतं. भट्टीवर त्याला सावली म्हणून कच्च्या विटांच्या थप्पीआड निजवलं होतं. जवळ पाच वर्षांच्या बेबीला बसवून मी विटा वाहत होते. थप्पी ढासळली. तू त्याआधीच म्हणाला होतास, भट्टीवर जाऊ नको, माझ्याकडे येऊन राहा. मी हट्टानं गेले होते. तुला तोंड कसं दाखवू? आणि बेबीला कुणी कधी म्हणायला नको की तू लक्ष ठेवलं नाहीस. म्हणून ताप म्हटलं. त्या साली त्या भट्टीवर गावचं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून दाजी आणि मी, दोघंच जाणतो. बेबीला कधी काही विचारू नकोस.

तू पत्रात लिहिलंस, सरकार काय सगळ्यांचं मायबाप आहे का, ज्यानं त्यानं आपलं पोट बघावं. भाऊ, आम्ही भाकरी फुकट मागितली नाही. हात आमचे, घाम आमचा. राबायला जागा तेवढी आपल्या गावाजवळ मागितली. तू सरकारी कारखान्यात जातोस तेव्हा भोंगा झाला की घरी येतोस, पोरं तुझ्या पायाला मिठी मारतात. तेवढंच. मायबाप नको, पण इतकं सरकारनं बघायला नको का? मला वाटतं बघायला हवं. तुला वेगळं वाटत असेल तर इथं येऊन माझ्याशी भांड.

खरंच ये. बांध आता माणसाच्या छातीएवढा झालाय. यंदा शाळेतलं एकही नाव कमी झालं नाही. दुपारी सुट्टी झाली की पोरं धावत कामावर येतात, बेबी सगळ्यांच्या पुढे असते. येऊन झोळीतल्या कुणाला तरी झोका देते, तानुबाईच्या शेजारी बसून. परवा मी लांबून बघत होते. ती गाणं म्हणत होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

प्रमिलेला आशीर्वाद, मुलांना गोड पापा. पत्र तिलाही वाचून दाखव, आता लपवायचं काही उरलं नाही.

तुझी अक्का
भिकुबाई,
बेबीची आणि पंडितची आई