तिसऱ्यांदा ऐकायचं राहिलं

आबा, तुमची नात डॉक्टर झाली. तुम्ही गेलात तेव्हा ती जन्मलीही नव्हती, म्हणून आधी हे सांगतो. आता तिला पुढे शिकायला परदेशातल्या हॉस्पिटलात जागा हवी आहे, पुढे हृदयाच्या रोगांकडे वळायचंय. त्याची तऱ्हा अशी, की नुसत्या मार्कांवर भागत नाही. आधी कागदावर लिहून द्यायचं, मला हेच का करायचंय. ते पसंत पडलं तर तिकडचे मोठे डॉक्टर मुलाखत घेणार, तीही कॉम्प्युटरवर. पोरीने ढिगाने अर्ज केले, बोलावणं तीन ठिकाणचं आलं. मी म्हटलं, हे मुलगी बघायला आल्यासारखंच झालं, फक्त पोहे वाचले. एरवी हसते, त्या दिवशी हसली नाही.

कागदावर तिने तुमच्याबद्दल लिहिलंय. मला मराठीत सांगत सांगत वाचून दाखवलं. माझे आजोबा रत्नागिरीच्या बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून आतला बिघाड ओळखायचे. माझे वडील त्यांच्याच हाताखाली शिकले. पण सगळ्या बंदराची इंजिनं ऐकणाऱ्या त्या माणसाची छाती कुणीच ऐकली नाही, आणि एका सकाळी काही कळायच्या आत ते गेले. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "बाबा, नक्की असंच झालं ना? यातलंच उकरून विचारतात ते."

मी म्हटलं, "असंच गो बाय."

मी कामाला नवा होतो तेव्हाचं तुम्हाला आठवत असेल. बोट चालवणाऱ्या एका तांडेलासमोर मी फटकन बोलून गेलो, तुझ्या इंजिनाची बेअरिंग गेली. सगळं खोललं तर बेअरिंग ठणठणीत, वाजत होता बाहेरचा एक सैल बोल्ट. बोट दिवसभर धक्क्याला पडून राहिली. तांडेल शिव्या घालत होता आणि त्याच्यादेखत तुम्ही माझा कान पिरगळलात. "मेल्या, एकदा ऐकून काय बोंबलतोस? तीन येळा ऐक, मगे तोंड उघड. तोवर गप!" त्या सवयीवर मी पुढे स्वतःचं वर्कशॉप उभं केलं. आज दाभोळपासून माणसं बोट घेऊन येतात, म्हणतात याचं निदान चुकत नाही.

आता तुमचं शेवटचं वर्ष डोळ्यांसमोर येतं. नारळी पौर्णिमा होऊन गेलीय. जो तो दर्यात जायच्या घाईत, आमचं इंजिन आधी बघा. तुम्ही इंजिन बंद करून बोटीच्या पोटातून शिडीने वर येता, एकदम शांत होतं, आणि मला तुमचा श्वास ऐकू येतो. शेवटाला एक बारीक, ओलसर आवाज, व्हॉल्व्ह नीट बसत नसला की येतो तसला. मी बघत राहतो. "माझ्या थोबाडाकडं काय बघतोस? पाना दे," तुम्ही म्हणता. मी पाना देतो. दोन दिवसांनी दुपारी तुम्ही तुमच्या वर्कशॉपच्या बाकड्यावर पडलेले असता. पाठीखाली जाळ्यांची दोन गाठोडी घेतलीत, सपाट झोपवत नाही म्हणून. पण ते तुम्ही बोलत नाही. पुन्हा तोच आवाज. मी मनात मोजतो, दोनदा झालं. अजून एकदा ऐकू, मग बोलू, नाहीतर चारचौघांत कान धरतील. तिशीला आलेला बाप्या मी, आणि कानाला भ्यालो.

तिसऱ्यांदा ऐकायच्या आत, इंजिनाचं हँडल मारता मारता तुम्ही बसलात ते उठला नाहीत. सगळे म्हणाले, एकाएकी गेले. मीही तेच म्हणत राहिलो.

परवा संध्याकाळी पोरीची शेवटची मुलाखत झाली. वर कोट, खाली घरातली सलवार, आणि मी दाराबाहेर. इंग्रजी बोलायला जीभ वळत नाही, पण कान माझे तुम्ही तयार केलेले. तिकडच्या एका बाईंनी विचारलं, घरात कुणालाच काही जाणवलं नव्हतं? पोरगी जराही थांबली नाही. म्हणाली, "माझ्या वडिलांना ऐकू आलं असतं, तर ते गप्प बसलेच नसते."

बाहेर आली ती हसतच. "बाबा, ही जागा मिळणार बघ. त्या बाईंचे डोळे भरून आले होते."

तोंड उघडायची हीच वेळ होती. मी विचारलं, "चहा टाकू?"

मार्चमध्ये निकाल आहे. जागा मिळाली तर तुमची गोष्ट घेऊन ती जाईल आणि तिकडे रोज कुणाच्या तरी छातीचे ठोके ऐकेल. ती जागा तिने कष्टाने मिळवलेली असेल, त्यात माझ्या मनात किंतु नाही. पण त्या गोष्टीतला एक माणूस खोटा आहे, तो मी.

हे पत्र तुमच्या स्क्रूड्रायव्हरपाशी, हत्यारांच्या पेटीत ठेवतोय. खरं सांगू आबा, लिहायला बसलो होतो तिलाच. तिचं नाव लिहायला हात धजला नाही, म्हणून तुमचं लिहिलं.