दुसरी रेघ

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (खरं तर सप्तांगच, कारण एक पाय उशीवर ठेवायची सक्ती आहे.) तुझे गुडघे, दाजींचा खोकला आणि तुम्हा दोघांचा अबोला आटोक्यात असावा. इकडे पायाची करंगळी सोडून सगळं क्षेम.

करंगळीवरची ती जखम अजून जायचं नाव घेत नाही. (मधुमेह्याच्या पायात एकदा मुक्कामाला आली की कसली जाते!) आमच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंकडे आता जंतू तपासायची नवी पट्टी आली आहे. पूर्वी जखमेवर फिरवलेला बोळा तपासणीला धाडला, की निकालाची वाट बघत बसायचं. आता बाई बोळा फिरवतात, औषधात बुडवतात, थेंब पट्टीवर सोडतात आणि चहा निवायच्या आत निकाल. एक रेघ म्हणजे ठीक, दोन रेघा म्हणजे आत जंतू ठाण मांडून बसलेत.

आता माझा जन्म गेला लाँड्रीत. डाग चारचौघांत मांडायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नेम. (गिऱ्हाइकाच्या कपड्यावरचा डागसुद्धा मी हाताखाली झाकून आत न्यायचो.) परक्या बाईपुढे तसला पाय धरायचा म्हणजे अगदी जिवावर यायचं. म्हणून दर खेपेला निघण्याआधी मी जखम जंतुनाशकाच्या पाण्यानं खळखळून धुवायचो. पट्टीवर एकच रेघ उमटायची आणि मी कॉलर ताठ करून घरी यायचो. पाय ठणकायचा, वासही यायचा, पण पट्टीनं पास केल्यावर वासाला कोण विचारतो?

गेल्या खेपेला इमारतीची टाकी रिकामी होती. तसाच गेलो. दुसरी रेघ अशी ठळक उमटली की मीच बाईंना सांगितलं, तुमची पट्टी बिघडलीय.

"काका, आज काही वेगळं केलंत का?"

"काही नाही हो. आज धुवायला पाणीच नव्हतं."

बाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अहो, धुवायचं काम आमचं, तेही नुसत्या सलाइननं. तुम्ही वरचे जंतू मारून आणत होतात, आतले मजेत राहिले." डॉक्टर आले. त्यांनी पाय बघितला, मला बघितलं आणि औषधं लिहून दिली. पट्टीची काही चूक नव्हती. तिला जे दाखवलं, ते तिनं सांगितलं.

औषधं चालू आहेत. काळजीचं कारण नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. करंगळी बुधवारी काढणार आहेत. बाकीचा पाय वाचेल म्हणतात. मला भीती वाटते. तोंडानं सांगायला जमायचं नाही, म्हणून लिहून टाकलं.

आणखी एक ता. क. पत्राचं खरं कारण हे. धुवायचं पाणी दर वेळी तुझी भावजय कोमट करून द्यायची, मी मागायचो म्हणून. आता ती धड जेवत नाही, माझ्याकडे बघतही नाही. चूक माझी म्हटलं, तर तिला वाटतं मी समजूत घालतोय. तू मंगळवारी ये आणि तिच्यासमोर मला झापून काढ, लहानपणी काढायचीस तसं, चांगला आवाज चढवून. तुझ्या तोंडून ऐकलं तर तिला पटेल. या खेपेला मी उलट बोलणार नाही.