पहिला तुंबा

नांदोम,
मंगळवार, ८ फेब्रुवारी १९९४

ती. युलालियाआत्या यांस,
बिबियानाचा सा. न. वि. वि.

ज्या घरातून नऊ वर्षांत तुम्हांला साधा निरोपही आला नाही, त्या घरातल्या सर्वांत धाकट्या माणसाने आपण होऊन पत्र लिहावे, हे धारिष्ट्यच आहे. त्याबद्दल आधीच क्षमा मागते. आईला या पत्राची कल्पना नाही. बाबांच्या दफनाच्या दिवशी तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवला होता, तेवढ्याच ओळखीवर लिहीत आहे.

बाबांना जाऊन एप्रिलात वर्ष होईल. त्यांच्या शेवटच्या बिअरचा दिवस काकांनी शनिवार, १२ मार्च असा ठरवला आहे. ही बिअर त्यांच्याच घरच्या विरजणाची असावी लागते आणि तोवर बाबा उंबऱ्याबाहेर ताटकळत राहणार, ना आमच्यात ना पितरांत. हे तुम्हांला मी सांगावे असे नाही. तीन गावे येणार आहेत. आईची बिअर मात्र आजवर चार मडक्यांपुरती होती.

म्हणून आम्ही पिंप घेतले. कल्पना माझी. एका पिंपात दहा मडक्यांची बिअर मावते, चूल एकच लागते, सरपण निम्मे; हे सारे गणित मी वहीत मांडून आईला दाखवले. शेवटची बिअर आटोपली की याच पिंपावर आईने दर बाजाराला विक्री वाढवायची, असेही ठरले. जवळ पैसा नव्हता. तेव्हा आईने चारांपैकी तीन मडकी गावातल्याच बिअर करणाऱ्या थेक्लाकाकूंना विकली, शेळी विकली, आणि बाजारातून तेलाचे जुने पिंप आणून तीन दिवस राखेने घासले.

३० जानेवारीला पहिली बिअर चढवली. मोडाच्या ज्वारीचे एक पोते त्यात गेले. संध्याकाळी सूर्य झाडाआड गेल्यावर आईने नेहमीसारखे बोट बुडवून पाहिले. रस कोमट लागला. आधीच्या बिअरचा फेस जिच्यात वाळवून ठेवतात, ती विरजणाची गवती वेणी तिने आत सोडली. आत्या, मडके त्या वेळेपर्यंत तळापासून निवते. पिंप वरून कोमट होते आणि पोटात दुसऱ्या सकाळपर्यंत पोळत होते. सकाळी फेस आला नाही. दुपारीही नाही. तिसऱ्या दिवशी वास सुटला आणि आम्ही सारे नाल्यात ओतले. वेणी बाहेर निघाली ती शिजलेल्या गवतासारखी. आमच्या घरात आता विरजण नाही.

थेक्लाकाकूंकडे मागितले, तर म्हणाल्या की पिंपवाल्या बाईला मडकेवाल्यांचे विरजण कशाला, तिने पिंपाकडेच मागावे. आणि त्यांनी दिले असते, तरी ते बाबांच्या घरचे नव्हते. त्याच वेणीचा एकच तुकडा या जगात उरला आहे. तुम्ही हमिलेला राहायला गेलात तेव्हा आईने अर्धी वेणी कापून तुम्हांला दिली होती. तिच्यातला बोटभर तुकडा मिळावा, एवढेच मागणे आहे.

लोभ मागण्याचा अधिकार नाही, म्हणून उत्तर तरी मागते.

आपली भाची,
बिबियाना

———

हमिले,
रविवार, १३ फेब्रुवारी १९९४

चि. बिबियाना हीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र फिदेलिस मास्तर लिहिताहेत. चर्चमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना काम नाही. मी बोलते, ते लिहितात, आणि मी शिवी दिली की खोकतात. आत्तापर्यंत दोनदा खोकलेत.

आत्याला तुम्ही-तुम्ही काय करतेस गं? मी काय पोलीसठाणं आहे? जर्वासची मुलगी तू. तुला पहिली आंघोळ मी घातली, आणि तू मला लाथ मारली होतीस.

आता पिंपाचं ऐक. पिंप शिजवायला, मडकं झोपवायला. एवढं साधं कळत नाही? इथं सीमेवर निम्म्या बायका पिंपात शिजवतात, पण निववायला रस मडक्यांत काढतात. मातीला घाम येतो, पत्र्याला येतो का? तुमच्या त्या मोठ्या शाळेत काय शिकवतात मग, पाखरांची नावं?

पण तुझ्या पत्रातलं एक मला पटलेलं नाही. निम्मी वेणी नेहमी चुलीवरच्या धुरात टांगलेली असते. कितीही घाई असो, कुणीही असो. क्लोटिल्डा गर्विष्ठ आहे, माझी भावजय म्हणून सांगत नाही, सगळ्या नांदोमला माहीत आहे. पण ती वेडी नाही. तिनं सगळी वेणी एका पिंपात टाकली असं मला सांगू नकोस. कुणीतरी काहीतरी लपवतंय.

विरजण मी देऊ शकत नाही. माझ्याकडे देण्याजोगं विरजण नाही. का, ते तुझ्या आईला विचार. युलालियानं पहिला तुंबा आणलाच नाही, असं ती बाजारभर सांगते ना? मग तिलाच विचार.

जेवत जा. दफनाच्या वेळी काठीसारखी दिसत होतीस.

तुझी आत्या,
युलालिया

ता. क. शेवटची ओळ सांगून झाल्यावर बाई बराच वेळ चुलीच्या वर पाहत बसल्या. तिथे एक वेणी टांगलेली आहे, हे मी स्वतः पाहिले. त्यांना न विचारता लिहीत आहे. — फिदेलिस

———

नांदोम,
राखेचा बुधवार, १६ फेब्रुवारी १९९४

ती. आत्या हिस,
बिबियानाचा सा. न. वि. वि.

तुझ्या आज्ञेप्रमाणे तू म्हणते आहे; लिहिताना हात अडखळतो, तो सांभाळून घे.

कपाळावर राख लावून आत्ताच घरी आले, आणि खोटे अर्धवट ठेवून बसणे आज जमत नाही. लपवणारी मीच आहे. आई नेहमीप्रमाणे अर्धी वेणी कापायला निघाली होती. तिचा हात मी धरला. दहा मडक्यांच्या रसाला अर्ध्या वेणीने काय होणार, प्रमाण नको का, असे मी म्हणाले. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, की तू शिकलेली आहेस, तुला माहीत असेल. आणि सगळी वेणी सोडली.

आत्या, परीक्षेत उष्णतेच्या धड्यावर मला पैकीच्या पैकी गुण होते. मोठे भांडे सावकाश निवते, हे मी स्वतःच्या हाताने उत्तरपत्रिकेत लिहिले होते. आमच्या अंगणात, आमच्या चुलीपाशी, ते मला आठवले नाही. धडा तिथे असतो आणि चूल इथे असते, असेच मला वाटत आले असावे.

आईने हे कुणाला सांगितलेले नाही. थेक्लाकाकूंनी सगळ्यांदेखत विचारले, तेव्हा वय झाले, विसरले, असे म्हणाली. त्या हसल्या आणि आईने ते ऐकून घेतले. शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. ती दिवसभर त्या रिकाम्या पिंपाला पाठ टेकून बसते. मी ताट घेऊन शेजारी बसले तरच चार घास घेते, आणि तेही मी जेवावे म्हणून.

काल काका आले होते. बाजारातून बिअर विकत घ्यावी, जमिनीवर ओतली की कुणाची ती कोण ओळखणार, असे म्हणाले. आई एवढेच म्हणाली की तो ओळखेल. काका उठून गेले. जाताना मला बाहेर बोलावून म्हणाले, की १२ तारीख टळली तर पुढे पेरण्या, आणि मग भाऊ आणखी एक वर्ष पावसात उभा.

तुझ्या सांगण्यावरून आईला पहिल्या तुंब्याचे विचारले. तुझे पत्र आले हे सांगितले नाही. ती म्हणाली, विरजण घेणारीने त्याच्या पहिल्या बिअरचा तुंबा देणारीच्या दारी न्यायचा असतो. देणारीने घोट घ्यायचा, उरलेले जमिनीला द्यायचे, तेव्हा कुठे ते विरजण घेणारीचे होते. वन्सं आल्याच नाहीत, माझे विरजण त्यांना फुकटचे वाटले, असे म्हणून तिने तोंड फिरवले. ती रागावली होती असे मला वाटत नाही. तिला त्याचे अजून लागते, असे वाटते.

मोडाच्या ज्वारीचे एकच पोते उरले आहे. म्हणजे एकच संधी आहे. तुला हवे तर सुट्टी लागल्यावर मी येऊन तुझ्या घरी पाणी भरीन, ज्वारी निवडीन, सांगशील ते करीन. आईवर तुझा राग असेल तो असू दे. मी बाबांसाठी मागते आहे, आणि खरे तर माझ्यासाठी. मला या घरात मान वर करून बसता येत नाही.

माया उरली असेल तेवढी राहू दे.

तुझी,
बिबियाना

———

हमिले,
मंगळवार, २२ फेब्रुवारी १९९४

चि. बिबियाना हीस आशीर्वाद.

मास्तरांनी तुझं पत्र दोनदा वाचून दाखवलं. उपवासाचे दिवस आणि मला बिअरची पत्रं लिहायला लावता, अशी त्यांची कुरकुर चालू आहे. दुसऱ्यांदा वाचताना मात्र मधेच चष्मा पुसायला थांबले.

आता जे सांगते ते जर्वासलाही सांगितलं नव्हतं.

मी आले होते. पहिला तुंबा घेऊन, पायी, कारण पहिला तुंबा लॉरीत बसत नाही. पाच तास डोक्यावर तुंबा, आणि माझी मान तेव्हाही काही फार सरळ नव्हती. तुमच्या भिंतीपाशी पोचले, हाक मारणार, तोच आतून तुझ्या आईचा आवाज आला. अंगणात बायका होत्या. ती म्हणत होती, युलालियाला माझं विरजण दिलंय खरं, पण तिच्या हातची बिअर शेळ्यासुद्धा पिणार नाहीत. सगळ्या हसल्या. थेक्ला सगळ्यांत जोरात.

मी तुंबा तिथेच वाटेवर ओतला आणि परत आले. घरी सांगितलं, पोचवला. नऊ वर्षं मी ती बिअर विकते. लोक सीमेपलीकडून येतात प्यायला. पण बिबी, तुंबा पोचला नाही म्हणजे विरजण माझं झालं नाही. ते मी वापरलं, पण माझं कधी नव्हतंच. म्हणून लिहिलं की माझ्याकडे देण्याजोगं विरजण नाही. उगाच ताठा नव्हता तो. बरं, थोडा होता.

दुसऱ्याची वस्तू देता येत नाही, परत करता येते. मास्तर अर्धी वेणी घेऊन येताहेत. विरजण एका हातातून दुसऱ्या हातात जावं लागतं, आणि माझे पाय अजून तुमच्या भिंतीपाशी यायला तयार नाहीत. आधी एकाच मडक्यात थोडं करून बघा, जीव आहे का ते कळेल. मोठी बिअर शिजवायची पिंपात, निववायची मडक्यांत. मडकी थेक्लाकडून उसनी आणा. हसेल ती. हसू दे.

आणि हातभर शिकून हात पोळला म्हणून शिकायचं सोडू नकोस. मी तुझ्या वयाची असताना सबंध कोठीतली ज्वारी मोड आणताना जाड थरात पसरून सडवली होती. जर्वासनं आईला सांगितलं, बकऱ्यांनी नासवली. तुझा बाप खोटं बोलायचा तेव्हा फार गोड दिसायचा.

तुझी आत्या,
युलालिया

———

नांदोम,
शनिवार, सकाळ

ती. आत्या हिस,
बिबियानाचा सा. न. वि. वि.

मास्तर वेणी टोपीत ठेवून आणि टोपी मांडीवर ठेवून लॉरीने आले. शेजारच्या बाईने अंडी आहेत का विचारले, तर म्हणाले की बाई, नाजूक आहे एवढे खरे. आईने वेणी हातात घेतली, नाकाशी धरली, आणि कुठून आली हे विचारलेच नाही. मग मी तुझी पत्रे तिला वाचून दाखवली. चारही; माझी दोन वहीतल्या कच्च्या प्रतींवरून. वाटेवर ओतलेल्या तुंब्यापाशी आले तेव्हा तिने मला थांबवले.

मला वाटले, नाकारील. ती म्हणाली, की मी तसे म्हटले होते, आणि खोटे म्हटले होते. तुझा बाप आदल्या दिवशी बहिणीची बिअर पिऊन आला आणि माझ्यापेक्षा सरस आहे म्हणाला. मला ते सोसले नाही. एवढे बोलून ती उठली आणि थेट थेक्लाकाकूंकडे गेली. तीन मडकी मागितली. थेक्लाकाकू म्हणाल्या, ने बाई, पण पिंपाला सांगू नकोस, रुसेल. आई म्हणाली, रुसू दे, त्याला पाठ टेकून फार बसले मी. दोघी हसल्या. परत येताना मात्र आई रडत होती. थेक्लाकाकूंनी पाठोपाठ आपली आणखी सहा मडकी धाडली.

काल संध्याकाळी उरलेल्या एकुलत्या मडक्यात थोडा रस घातला. निवला की नाही, हे मी बोट तळापर्यंत बुडवून पाहिले, खांद्यापर्यंत भिजले. आईने वेणी कापली, अर्धी आत सोडली. दुसरी अर्धी तिने माझ्या हातात दिली आणि चुलीवर टांगायला सांगितले. खुंटी जरा उंच आहे. मी दोनदा गाठ मारली.

पहाटे झाकण काढले. आत्या, फेस काठावरून खाली उतरत होता.

आईने घोट घेतला नाही. पहिला तुंबा भरला, वर पाने बांधली. मी म्हणाले, विरजण तर आपलेच, परत आलेले. तुंबा आत्याने आणायचा. ती म्हणाली, तिने आणला होता. आणि साडेपाचला निघाली. लॉरी नको म्हणाली. कारण तू लिहिलेच आहेस. १२ तारखेला बाबांची बिअर जमिनीवर ओतली जाईल तेव्हा तू इथे हवीस, हे ती स्वतः सांगणार आहे, आणि सांगताना बहुधा भांडेल. तेवढे चालवून घे.

हे पत्र लॉरीने तिच्या आधी पोहोचेल. आई अकराच्या सुमारास तुझ्या भिंतीपाशी येईल. ती लगेच हाक मारणार नाही. तुंबा डोक्यावर धरून आधी उभी राहून ऐकेल, हे मला पक्के ठाऊक आहे. म्हणून एवढेच मागते, की त्या वेळी अंगणात तू जे काही बोलशील, ते भिंतीपलीकडे नीट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोल.

तुझ्या हातच्या बिअरची तहान लागलेली,
बिबियाना

शनिवार, ५ मार्च १९९४, सकाळी सहा वाजून वीस मिनिटांनी हमिलेच्या लॉरीबरोबर रवाना.