सुभेदार पाला खात नाहीत

५ जानेवारी, सोमवार
कालिंदी गेली. गारखेड्याला, तिच्या धाकट्या भावाकडे, अतुलकडे. माहेर रिक्षाच्या अंतरावर असलं की भांडायला बायकोला धीर येतो!

कारण मेथी. काल रात्री ताट सरकवून मी म्हणालो, "पुन्हा पाला?" लग्न झाल्यापासून हेच म्हणत आलोय. मला वाटलं, तिला आता सवय झाली असेल. सकाळी बॅग घेऊन दारात उभी. "या घरात दोन नखरेल आहेत. सशाचं मी करीन. तुमचं मला होत नाही आता."

ससा मात्र इथंच. अतुलकडे कुत्रा आहे. अतुलचा मुलगा तो कुत्रा लवकरच पुण्याला नेणार, मग ही सशाला न्यायला येणार. "तोवर त्याला काही झालं तर बघा!"

सशाचं नाव सुभेदार. मीच ठेवलं. घरात आला तो थेट दिवाणावर चढून बसला, म्हणून.

६ जानेवारी
सुभेदारांपुढे गाजर ठेवलं. हुंगलं, पाठ फिरवली. पालक. पाठ. कोथिंबीर. पुन्हा पाठ. इतक्या सलग नकारांची सवय मला होती, पण ती नवोदित लेखक असताना.

चहाच्या वेळी मात्र पायाशी हजर! अर्धी नानखटाई दिली. दोघंही समाधानी.

७ जानेवारी
सकाळी सुस्त वाटला म्हणून प्राण्यांच्या दवाखान्यात नेला. डॉ. विशाखा, वयानं माझ्या मुलीसारखी, आवाज मुख्याध्यापिकेचा.

"काका, ह्याला बिस्किटं कोण देतं?"

खोलीत आणखी कुणी आहे का, ते मी वळून पाहिलं.

"सशाचं पोट सतत चालू राहावं लागतं. गवत नुसतं चघळतोय, पाला पोटात जात नाही. वजन घटलंय. पोट थांबलं तर मग आमच्याही हातात फार काही राहत नाही. बिस्किट बंद. सोमवारी परत आणा."

म्हणजे डेडलाइन. आयुष्यभर पाळत आलो. पण तेव्हा निदान खायचं काम दुसऱ्यानं करायचं नसे.

ससा गेला तर कालिंदी इथं कशाला येईल, असा एक प्रश्न परतताना मनात आला. खोडून टाकला.

९ जानेवारी
गाजर किसलं, दाण्याचं कूट घातलं, वरून तुपाची फोडणी दिली. होय, सशासाठी! सुभेदार शिंकले आणि कपाटामागे गेले. कोशिंबीर मी खाल्ली. वाईट नव्हती, फोडणी जळली होती एवढंच.

मग पोटावर आडवं पडून आग्रह केला. काऊचा घास झाला, चिऊचा झाला. कपाटामागून कुणी आलं नाही.

संध्याकाळी कालिंदीचा फोन. "खातो का?"

"उत्तम." पेपरातल्या माझ्या विनोदी सदरातसुद्धा इतकं धडधडीत खोटं लिहीत नाही मी. तू त्याला कसं भरवतेस, हे विचारता आलं असतं. विचारलं नाही.

१० जानेवारी
मुकुंदवाडीच्या बाजारातल्या भाजीवाल्या दगडाबाई.

"पुन्ना जुडी? कालची काय केली?"

"ससा खात नाही."

"आन् तुमी?"

"मीही नाही."

"मंग नेता कशाला? बघायला व्हय?"

१२ जानेवारी, सोमवार
वजन आणखी उतरलं. डॉक्टर म्हणाल्या, "गुरुवारपर्यंत थांबू. नाहीतर सिरिंजनं भरवावं लागेल, आणि ते त्याला झेपेलच असं नाही."

रिक्षात टोपली मांडीवर घट्ट धरली होती. रिक्षावाला म्हणाला, "चाचा, काच का सामान है क्या?" हो म्हणालो.

१३ जानेवारी, भोगी
सकाळी मिहिरचा फोन. हा आमचा नवा संपादक. "सर, भोगीच्या भाजीवर काहीतरी चुरचुरीत. चारपर्यंत." भाजी न खाणाऱ्या माणसाकडून!

निदान हाताळून तरी लिहावं म्हणून दगडाबाईंकडून सगळं आणलं. वांगी, पावटे, पाल्यासकट गाजरं, सोबत मेथीची एक जुडी. जमिनीवर जुना पेपर पसरला, मांडी घातली, फोन खांद्याला धरून मिहिरशी बोलत निवडायला लागलो. पानं ताटात, देठ आणि गाजराचा पाला पेपरावर.

बोलता बोलता कुरकुर आवाज.

सुभेदार! टाकाऊ ढिगात तोंड खुपसून! मी पाहिलं, तो थांबला. मी नजर वळवली, पुन्हा कुरकुर. म्हणजे ताटलीत वाढलेलं नको. आग्रह नको. कुणी बघत नसताना पळवलेलं हवं!

कालिंदी रोज संध्याकाळी अशीच पेपर पसरून बसायची. सशाकडे ढुंकून न पाहता. आणि मी आतून ओरडायचो, "एका जुडीला किती वेळ!"

"सर? आहात ना?" फोनमधून मिहिर.

"मजकूर पाचला मिळेल."

"तुमचा?! उशिरा?" पोरगं घाबरलंच.

मी उठलो नाही. पेपरावरचा शेवटचा देठ जाईपर्यंत भिंतीकडे बघत बसलो.

निवडलेली भाजी उरली. ती शिजवावी लागली. शिजवली म्हणून खावी लागली. मीठ जास्त. संपवली.

१५ जानेवारी
वजन थोडं वाढलं. डॉक्टर म्हणाल्या, "काका, काय केलंत?"

"दुर्लक्ष."

१८ जानेवारी, रविवार
कुत्रा पुण्याला गेला. कालिंदी आली. हातावर तिळगूळ ठेवला आणि थेट स्वयंपाकघरात गेली.

पेपरावर देठ होते, गॅसवर कढईत मेथी. तिनं झाकण काढलं. "ही कुणी केली?"

"सुभेदारांनी."

हसू आलं होतं तिला. आवरलं. चिमूटभर तोंडात टाकून म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मग सशाला टोपलीत घातलं.

राहा, असं म्हणायचं होतं. "रिक्षा बोलावू का?" म्हणालो. शब्दांवर पोट भरणारा माणूस!

१९ जानेवारी
सवयीनं मेथी आणली. निवडली. देठ तसेच राहिले.

२१ जानेवारी, बुधवार
आत्ता कालिंदीचा फोन. "अहो, सुभेदार काही खात नाही."

"पेपर पसरून निवडायला बस. त्याच्याकडे बघू नकोस."

"मला शिकवताय? बसले तशी. पण आता त्याला तुमच्या हाताची सवय लागलीय. जरा येऊन जाता का? आणि—"

मागून अतुलचा आवाज, स्पष्ट: "ताई, कोथिंबीर पण संपवली गं ह्यानं! अजून देऊ?"

मी काहीच ऐकलं नाही.

"येताना मेथी आणू ना?" मी विचारलं.

"दोन जुड्या आणा," ती म्हणाली. "निवडायला वेळ लागतो."

रिक्षावाला खाली हॉर्न मारतोय.