कॅसेटमधला खोकला

ती. आईस,

बंगळूरहून संस्कृतीचा नमस्कार. मी बरी आहे, जेवते वेळेवर. झोप तेवढी पुरत नाही.

दिवाळीत आपल्या माजघरात मी सात गाणी म्हणून टेप केली होती ना, त्यांच्या कॅसेटी इथले हौशी लोक मागून नेतात. दुकानात त्या मिळत नाहीत, हातोहात फिरतात. ऑफिसातून आल्यावर मी एकेक प्रत उतरवते, आणि दर वेळी सगळं पुन्हा ऐकावं लागतं.

अकराव्या कॅसेटला लक्षात आलं, सातही गाण्यांच्या मागं तुझा खोकला आहे. मैत्रीण म्हणाली, “राहू दे, घरचं वाटतं.” मला मात्र पुढं ऐकवेना.

फोनवर विचारलं तर म्हणालीस, “काय न्हाई गं, फोडणीचा ठसका.” आई, तू तेव्हा माझ्या शेजारी बसून तांदूळ निवडत होतीस. मी गात राहिले, ऐकलं नाही.

बाबांचा गुडघा कसा आहे? धाकटा शौर्य शाळेत जातो ना?

पंधरा तारखेला ओतूरला उतरते. दुसऱ्या दिवशी आपण दोघी नारायणगावला छातीच्या डॉक्टरांकडं जाऊ. गाईची धार काकूंना काढायला सांग. रजा मंजूर झाली आहे, त्यामुळं आता नाही म्हणू नकोस.

तुझीच,
संस्कृती