भुवईवरची खूण

३ जुलै, दुपार

ती. वन्सं यांना नमस्कार.

तुम्ही सगळे बरे असाल. आम्ही दोघी बऱ्या आहोत. जेवतो, झोपतो, स्टुडिओ वेळेवर उघडतो.

पत्र बघून हसाल, पण फोनवर मला धड बोलता येत नाही. टिचकी शेजारी बसलेली असते, मागून तुमच्याकडचं कुणीतरी डोकावतं, मग सगळ्यांनी एकमेकांना हात हलवायचे आणि संपलं. म्हणून कुरिअरने पाठवते आहे.

टिचकीच्या व्हिसाचा अर्ज अजून तिथेच आहे. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘फोटोची काहीतरी भानगड’ म्हणून विषय बदलला. भानगड अशी, की व्हिसा केंद्रातल्या बाईंनी फोटो परत केला. नवा घेऊन पुन्हा या म्हणाल्या. पुन्हा यायचं तर पुन्हा तारीख मिळायला हवी, आणि ती मिळते आहे थेट महिनाअखेरची. तिकडचं कॉलेज सप्टेंबरच्या सुरुवातीला उघडतं. उशीर करणाऱ्यांना ते घेत नाहीत, हे तुम्हीच सांगितलं होतंत. टिचकीची अर्धवट भरलेली बॅग खोलीच्या मधोमध तशीच उघडी पडलेली आहे, आणि आम्ही दोघी तिला वळसा घालून ये-जा करतो.

फोटोवाल्याच्या पोरीचा फोटो परत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. अख्ख्या गल्लीतली पोरं आमच्या फोटोवर परदेशी गेली. समोरचा इस्त्रीवाला परवा विचारत होता, ‘‘वहिनी, आमच्या पोराचा काढलात तो तरी चालेल ना, की आत्ताच दुसरीकडे नेऊ?’’ मी म्हटलं, ने बाबा.

नियम मला झोपेतून उठवून विचारले तरी सांगेन. मागे पांढरी भिंत, दोन्ही कान दिसले पाहिजेत, कपाळावर केस नकोत, दात नकोत, चेहऱ्यावर भाव नकोत. आणि भाव नकोत म्हटलं की माणसाला हटकून हसू फुटतं. तुमच्या भावाकडे त्यावर उपाय होता. तो आधी काहीतरी अचरट बोलून माणसाला पोटभर हसवायचा. मग म्हणायचा, ‘‘हसून झालं? आता गप्प.’’ तेवढ्यात फोटो काढलेला असायचा. मला ते जमत नाही. मी नुसतं ‘इकडे बघा’ म्हणते. हल्ली सगळ्यांचे चेहरे लाकडासारखे येतात. पण चालतात.

कॉम्प्युटरचा काहीतरी घोळ झाला असावा. दुरुस्त करून घेते. काळजी करू नका.

तुमची भावजय


२१ ऑगस्ट, सकाळ

ती. वन्सं यांना नमस्कार.

मागच्या पत्रात मी कॉम्प्युटरवर ढकललं. कॉम्प्युटर बिचारा ठणठणीत आहे.

आमच्या कामाची वाटणी तुम्हाला माहीत आहे. तुमचा भाऊ बाहेर फोटो काढायचा, मी मागच्या खोलीत बसून ते साफ करायचे. पुटकुळ्या, डाग, डोळ्यांखालची काळी वर्तुळं, एक विहिणीचा रुसवा सोडला तर लग्नाच्या फोटोतलं सगळं माझ्या हातून पुसलं जायचं. व्हिसाच्या फोटोला मात्र हात लावायचा नाही. असलेला तीळ असेल तिथेच राहिला पाहिजे. पोरी गयावया करतात, ‘‘काकू, एवढा एकच डाग,’’ आणि मी म्हणते, ‘‘तुला जायचंय ना बाई? मग राहू दे.’’

टिचकीच्या फोटोतली खूण मी पुसली.

तुम्ही ती पाहिलेली नाही. फोनवर ती केस पुढे ओढून बसते. उजवी भुवई मधोमध दुभंगली आहे आणि तिथून वर कपाळात रेघ गेली आहे. गेल्या वर्षी त्या दिवशी ती स्कूटरवर त्याच्या मागे बसली होती, एवढं तुम्हाला कळवलं होतं. वळणावर समोर टेम्पो आला. तुमचा भाऊ तिथेच गेला आणि ही टाके घालून घरी आली. तुम्हाला विमानाचं तिकीट मिळालं नाही, तुम्ही येऊ शकला नाहीत, आणि तेव्हापासून मी रागावले असेन असं तुम्हाला वाटतं. तुमच्या आवाजावरून कळतं मला. नाही हो, वन्सं. राग नाही. मला तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही. रडू येत नाही. गिऱ्हाईक आलं की फोटो काढते, भूक लागली की जेवते. लोक म्हणतात, किती सावरलीय. मी मान हलवते.

केंद्रात काचेमागच्या बाईंनी एकदा फोटो पाहिला, एकदा टिचकीला.

‘‘हिचाच का हा?’’

‘‘हो, गेल्या आठवड्यातलाच आहे,’’ मी म्हटलं.

‘‘मग हे कुठे गेलं?’’ त्यांनी स्वतःच्या भुवईवर बोट ठेवलं. ‘‘फोटोवर काम केलंय. हा चालणार नाही.’’

मला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा तरी फोटो दिला गेला. खरंच तसं वाटलं. मग टिचकीकडे पाहिलं.

खाली उतरताना जिन्यात तिने विचारलं, ‘‘मी जाऊ नये म्हणून केलंस का?’’

‘‘नाही गं.’’

‘‘मग?’’

घरी येऊन मी मूळ फोटो उघडून बघितला. तो साफ केल्याचं मला आठवतच नव्हतं. हाताने सवयीनेच केलं होतं सगळं, आणि काम सफाईदार होतं.

मग बरेच दिवस आम्ही कामापुरतंच बोलत होतो. एकदा जेवताना मीच म्हटलं, ‘‘टिचके, मी तुझ्या तोंडाकडे बघतच नाही गं.’’

‘‘माहितेय,’’ ती म्हणाली. ‘‘तू माझ्या कानाशी बोलतेस.’’ ताटातलं चिवडत राहिली थोडा वेळ. मग म्हणाली, ‘‘मला वाटलं, बाबा गेले आणि मी राहिले, म्हणून.’’

वन्सं, माझ्या पोरीला वर्षभर असं वाटत होतं. मी रोज तिला हाक मारून उठवत होते, तिच्या अर्जाची धावपळ करत होते, आणि ती हे मनात घेऊन याच घरात वावरत होती. मी म्हटलं, ‘‘वेडी आहेस का?’’ याहून चांगलं काही म्हणता आलं नाही. तिचा हात मात्र धरला, माझा खरकटा होता तरी.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओ उघडल्याबरोबर तिला पांढऱ्या भिंतीपुढे बसवलं. तिने केस मागे घट्ट बांधले.

‘‘बाबांसारखं हसव ना आधी.’’

डोकं रिकामंच होतं. शेवटी म्हटलं, ‘‘तो इस्त्रीवाला आता आपल्या पोराला दुसऱ्या स्टुडिओत घेऊन जातो. तिथे पोराचे डोळे मिटलेले आले.’’

हे काही फार हसण्यासारखं नव्हतं, पण ती हसली. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘‘हसून झालं? आता गप्प.’’ अगदी त्याच्याच चालीत. ती गप्प झाली. फोटो नीट यायचा तर डोळ्यांवर नजर रोखावी लागते, आणि खूण तर तिथेच. मी बघत राहिले. टाक्यांचे बारीक ठिपकेसुद्धा दिसत होते.

‘‘आई, दाब ना बटण.’’

‘‘दाबते.’’

जुलैअखेरीला गेलो. काचेमागे त्याच बाई होत्या. फोटो पाहून नुसत्या ‘हं’ म्हणाल्या. काल पासपोर्ट परत आला. व्हिसा मिळाला आहे. पुढच्या शनिवारी टिचकी निघेल, रविवारी तुमच्याकडे उतरेल. बॅग आता बंद झाली आहे आणि दाराशी आहे. खोलीतून सरळ चालता येतं, तरी मी अजून वळसाच घालते.

मला आनंद झाला का, असं तुम्ही फोनवर विचारलंत. कळलं की सांगेन.

एका कागदावर फोटो जास्त निघतात आणि त्यांना लागतात दोनच. उरल्यातला एक सोबत ठेवला आहे. तो ओळख पटवण्यासाठी नाही. तिला तुम्ही गर्दीतही ओळखाल, नाक अगदी तुमच्या घरचं आहे. पण हा आधी बघून ठेवा. दचकायचं तर घरीच दचकून घ्या, रडायचं तर रडूनही घ्या, माझ्या वाटचंसुद्धा. विमानतळावर ती केस मागे बांधूनच येणार आहे, असं तिने ठरवलंय. ती समोर आली की सरळ तिच्या तोंडाकडे बघा. कानाकडे नको.

भाऊ नसला, तरी तुमचीच
भावजय