पाकळ्यांची उलटी ओळ

अ‍ॅल्डरलो, डर्बीशायर
ऑगस्ट १९५६

प्रिय मेव्हिस,

तुझी कादंबरी पोचली. आईला ती कशी वाटली, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर शेवटी देतो. मी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. चुका कळवतो आहे त्या रागाने नव्हे, पुढच्या आवृत्तीसाठी. दर उन्हाळ्यात गावचा झरा सजवायला ज्या फळ्यांवर ओली माती थापून पाकळ्यांचं चित्र करतो, त्या आपण ओढ्यात भिजवतो, तळ्यात नाही. मातीत मीठ घालतात, ते तू विसरलीस. मीठ नसेल तर माती सुकून तडकते. चित्राची कड आल्डर झाडाच्या सुक्या बोंडांनी आखतात. मिरे वापरतात ते शेजारच्या गावचे, आणि त्यांना ते शोभतं. मी शिकलो दगडखाणीत आणि वाचनालयात, पण जे शिकलो ते नीट शिकलो.

गावात पुस्तक हातोहात फिरतं आहे. सीथ खाटीक पबमध्ये सगळ्यांदेखत म्हणाला, "काय हर्बर्ट, पोरीने पाद्रीबाबालाच झऱ्यात बुडवला. आता फुलांना आशीर्वाद द्यायला कोण येणार?" मी म्हटलं, "खाटीक जिवंत ठेवलाय तिने, तेवढ्यावर समाधान मान."

खुनी सापडतो ती जागा मात्र अचूक आहे. पाकळ्या खालून वर लावत जायच्या, कौलांसारखी वरची ओळ खालचीवर चढली की पाऊस ओघळून जातो. तुझ्या गुप्तहेराला एक ओळ वरून खाली लावलेली दिसते आणि तो म्हणतो, हा हात या गावचा नाही. ते वाक्य मी सीथला मोठ्याने वाचून दाखवलं. लहानपणी आईने तुला स्टुलावर उभं करून हेच शिकवलं होतं.

यंदा चित्रातल्या मेंढपाळाचा निळा झगा पाकळ्यांनी भरायचं काम आईकडे होतं, नेहमीसारखंच. संध्याकाळी मी बघायला गेलो. झग्याची सबंध बाही वरून खाली लावलेली होती. मिसेस ऑलरेनशॉ तिच्या शेजारीच पाकळ्या लावत बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "मी काढून परत लावते, हर्बर्ट. तिला कळायचंसुद्धा नाही." मी नको म्हटलं. का, ते मला सांगता येत नाही. मी घरी येऊन चहा केला आणि तो प्यालो नाही.

रविवारी पाऊस झाला. बाहीखाली पाणी शिरलं आणि माती खाली आली. आई फळीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "हे कोणी केलं? बाहेरचं कोणीतरी दिसतंय."

तुझं पुस्तक ती रोज वाचते. रोज पहिल्या पानापासून. "मला वाटतं, खुनी तो औषधवालाच असेल. तू सांगू नकोस हं," असं रोज म्हणते. मी सांगत नाही. काल तिने पुस्तक उलटं केलं, पाठीवरचा तुझा फोटो पाहिला आणि विचारलं, "हसरी पोर आहे. कोणाची?" मी सांगितलं. पाहुण्यांपुढे हलवते तशी तिने मान हलवली. आज सकाळी मात्र विचारत होती, मेव्हिसकडे जाड कोट आहे ना, लंडनला थंडी फार.

म्हणून लिहितो आहे. नाताळपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात ये. चुकांचं नंतर बघू. आणि येताना केस फोटोत आहेत तसेच बांधून ये, भांग डावीकडे.

तुझाच,
बाबा